विश्लेषण : मोटारीच्या डिकीत मावलेला बाजार… ‘फेअर ट्रेड’ची वाट पाडणाऱ्या एडना रूथ बायलर कोण होत्या?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲक्रन या छोट्या गावात राहणाऱ्या एका गृहिणीने १९४६ मध्ये प्वेर्तो रिकोतील गरीब स्त्रियांचे भरतकाम आपल्या मैत्रिणींना आणि शेजारणींना विकायला सुरुवात केली. मोटारीच्या डिकीतून गावोगाव फिरणाऱ्या या विक्रीतून पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही संस्था उभी राहिली. ‘फेअर ट्रेड’ म्हणजेच न्याय्य व्यापाराच्या जागतिक चळवळीचा उगम जिथे जिथे शोधला जातो, तिथे एडना रूथ बायलर यांचे नाव सुरुवातीलाच येते. पगारी विक्रेत्यांऐवजी स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या या फिरत्या विक्रीमुळे कारागिराच्या हातात जास्त पैसा कसा पडला, आणि हे गणित कुठे अडते, हे समजून घेण्यासाठी बायलर यांचे आयुष्य पाहावे लागते.

एडना रूथ बायलर कोण होत्या?

एडना रूथ मिलर यांचा जन्म १९०४ मध्ये कॅन्सस राज्यात एका मेनोनाइट कुटुंबात झाला. मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मातील एक लहान पंथ. सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेच्या काळात तो उदयाला आला आणि नेदरलँड्समधील मेन्नो सिमन्स या धर्मोपदेशकावरून त्याला हे नाव मिळाले. जाणत्या वयात स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेणे, शस्त्र हाती न धरणे, साधे राहणे आणि अडचणीत असलेल्याला मदत करणे, ही या पंथाची ओळख. लढायला नकार दिल्याने आणि राज्यसत्तेपेक्षा स्वतःच्या श्रद्धेला वरचे स्थान दिल्याने या लोकांचा छळ झाला. त्यांच्यातील अनेकांना देश सोडावे लागले. काही रशियात गेले, काही अमेरिका आणि कॅनडात स्थिरावले.

पहिल्या महायुद्धानंतर आणि रशियन क्रांतीनंतर दक्षिण रशिया आणि युक्रेनमधील मेनोनाइट वस्त्यांवर उपासमारीची वेळ आली. त्यांना मदत पोहोचवण्यासाठी अमेरिकेतील मेनोनाइटांनी १९२० मध्ये ‘मेनोनाइट सेंट्रल कमिटी’ म्हणजे एमसीसी ही संस्था स्थापन केली. पुढे तिचे काम आपल्या पंथापुरते न राहता जगभर पसरले. तिचे मुख्यालय ॲक्रनमध्ये होते. हे ॲक्रन म्हणजे ओहायो राज्यातील प्रसिद्ध औद्योगिक शहर नव्हे, तर पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यातील एक लहानसे गाव.

एडना यांचे लग्न जोसेफ एन. बायलर यांच्याशी झाले. जोसेफ एमसीसीच्या मदतकार्यात गेले आणि १९४१ मध्ये हे कुटुंब कॅन्ससहून ॲक्रनला आले. महायुद्धाचे दिवस होते. लष्करी सेवेला नकार देणाऱ्या तरुणांना पर्यायी नागरी सेवा करावी लागे आणि अशा तरुणांची, तसेच परदेशी मदतकार्यावर निघालेल्या स्वयंसेवकांची ॲक्रनमध्ये सतत ये-जा असे. त्यांची सोय पाहणे हे एडना यांच्या वाट्याला आले. बटाटा घालून मळलेल्या कणकेच्या गोड पावांसाठी आणि डोनटसाठी त्या ओळखल्या जात. या कणकेची कृती त्यांच्या नावासह १९७६ च्या ‘मोअर विथ लेस कुकबुक’ या मेनोनाइट पाककृतींच्या पुस्तकात छापली गेली. पुढच्या सगळ्या कामासाठी लागलेले भांडवल बहुतांशी हेच होते : घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांशी जुळलेल्या ओळखी.

प्वेर्तो रिकोत त्यांना काय दिसले?

कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको हे बेट १८९८ च्या युद्धानंतर स्पेनकडून अमेरिकेकडे गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी सेवा नाकारणाऱ्या मेनोनाइट तरुणांची एक तुकडी तिथल्या ला प्लाता खोऱ्यात पर्यायी सेवेसाठी पाठवण्यात आली. त्यांनी तिथे रुग्णालय उभारले, शेतीचे आणि शिक्षणाचे काम सुरू केले. स्त्रियांसाठी शिवणकामाचे वर्गही चालू झाले. जोसेफ तेव्हा एमसीसीच्या मदतकार्याचे संचालक होते. १९४६ मध्ये ते प्वेर्तो रिकोला गेले तेव्हा एडना त्यांच्यासोबत होत्या.

वर्गातील स्त्रियांचा हात सफाईदार होता. लिननच्या कापडावरचे त्यांचे भरतकाम कोणत्याही चांगल्या दुकानात शोभले असते. मात्र त्याला रास्त भाव देणारे गिऱ्हाईक त्यांच्यापाशी नव्हते. कौशल्य असूनही घरात गरिबी होती.

याचे कारण त्या बेटावरील व्यापाराच्या रचनेत होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममधून अमेरिकेत येणारे भरतकाम थांबले, तेव्हा न्यूयॉर्कचे व्यापारी प्वेर्तो रिकोकडे वळले. मायाग्वेस हे शहर या उद्योगाचे केंद्र बनले. व्यापारी कापड पाठवत. ते कंत्राटदाराकडे जाई, तिथून उपकंत्राटदाराकडे आणि शेवटी डोंगराळ भागातील घराघरांत. रुमाल, झबली, परकर भरून झाले की त्याच साखळीने माल परत जाई. मजुरी डझनावर ठरे आणि प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी आपला वाटा काढून घेई. साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या बाईच्या हातात काही सेंट पडत. तिने भरलेला रुमाल न्यूयॉर्कमध्ये केवढ्याला विकला जातो, हे तिला कळायचा मार्ग नव्हता.

शिवणवर्गाने कौशल्य दिले तरी ही साखळी तशीच राहणार होती. एडना बायलर यांनी नेमकी हीच अडचण हेरली. त्यांनी काही नग सोबत घेतले आणि त्या ॲक्रनला परतल्या.

फिरती विक्री चालायची कशी?

आणलेले नग त्यांनी मैत्रिणींना आणि शेजारणींना दाखवले. ते विकले गेले. पैसे प्वेर्तो रिकोला पोहोचले आणि आणखी माल मागवला गेला. यात मोठी योजना नव्हती. पण खप होतो आहे असे दिसल्यावर बायलर यांनी नमुने मोटारीच्या डिकीत भरले आणि त्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. पुढे हा फेरा लांबत गेला.

त्यांचे गिऱ्हाईक कोण होते, हे महत्त्वाचे आहे. मेनोनाइट चर्चमध्ये स्त्रियांची शिवण मंडळे असत. ठरलेल्या दिवशी बायका एकत्र जमत, गरजूंसाठी कपडे शिवत, गोधड्या घालत. बायलर यांनी याच मंडळांपुढे भरतकाम मांडले. समोर बसलेली प्रत्येक बाई स्वतः सुई धरणारी होती. एका टेबलक्लॉथमागे किती दिवसांचे काम आहे, हे तिला समजावून सांगावे लागत नसे. वस्तू उलटी करून मागची बाजू पाहिली की तिला ते कळे. अशा गिऱ्हाइकाला हे काम कोणी केले, तिचे घर कसे आहे, पैसे तिच्यापर्यंत कसे जातात, एवढे सांगणे पुरेसे होते.

दुसरी सोय म्हणजे जागेची. मंडळाची बैठक ठरलेलीच असे, सभागृह चर्चचे असे आणि टेबले मांडायला, माल लावायला, हिशेब लिहायला तिथल्याच बायका पुढे होत. बायलर यांना दुकानाचे भाडे नव्हते, नोकरांचा पगार नव्हता, जाहिरातीचा खर्च नव्हता. माल साठवायला घराचे तळघर होते. तिथे लोक येऊन खरेदीही करू लागले. म्हणजे एकीकडे घरातले कायमचे छोटे दुकान आणि दुसरीकडे फिरता बाजार, अशी दुहेरी व्यवस्था तयार झाली.

या पद्धतीत विश्वास हीच उधारी होती. एखाद्या गावच्या मंडळाकडे माल सोपवायचा, विकला गेला त्याचे पैसे घ्यायचे आणि उरलेला माल परत आणून पुढच्या गावी मांडायचा. न विकलेला माल गळ्यात पडणार नसल्याने स्वयंसेवकांना जोखीम नव्हती. ती जोखीम मधल्या व्यवस्थेने, म्हणजे सुरुवातीच्या काळात खुद्द बायलर यांनी उचलली. कारागीर स्त्रीवर ती पडू द्यायची नाही, हे पुढे न्याय्य व्यापाराचे एक मूळ सूत्र ठरले.

प्वेर्तो रिकोनंतर कोणते कारागीर जोडले गेले?

१९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब विस्थापित झाले. जॉर्डनमध्ये आणि जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि एमसीसीचे स्वयंसेवक तिथे पोहोचले. या छावण्यांतील स्त्रिया क्रॉस-स्टिचच्या भरतकामात निष्णात होत्या. आपल्याकडे दोसुतीवर फुलीचा टाका घालतात, त्याच जातीचे हे काम. मात्र पॅलेस्टाइनमध्ये त्याला आणखी एक अर्थ होता. झग्यावरची नक्षी आणि रंग पाहून बाई कोणत्या गावची हे सांगता येई. गाव सुटले तरी नक्षी हातात राहिली होती. ‘तत्रीझ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कलेचा युनेस्कोने २०२१ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्याच्या कितीतरी आधी बायलर यांच्या गाठोड्यात हे काम अमेरिकेतील खेड्यांत पोहोचले होते.

पाठोपाठ हैतीतील लाकडी कोरीवकाम आले. भरतकामापुरती असलेली विक्री आता हस्तकलेची झाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे मेनोनाइटांची जागतिक परिषद भरली, तेव्हा हे भरतकाम तिथे मांडण्यात आले. एका घराच्या तळघरातून चाललेल्या उद्योगाची ओळख अशा रीतीने अनेक देशांतील प्रतिनिधींपर्यंत गेली.

माल वाढला तशा अडचणीही वाढल्या. दोन वेगवेगळ्या बायकांनी भरलेले रुमाल एकसारखे नसतात. अमेरिकेतील जेवणाच्या टेबलाची मापे छावणीतील स्त्रीला माहीत नसतात. आपल्या घरात शोभणारे रंग परक्या घरात उठून दिसतीलच असे नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाला काय हवे हे कारागिरांपर्यंत पोहोचवणे आणि कारागिराला काय जमते, किती वेळ लागतो हे गिऱ्हाइकाला सांगणे, ही दोन्ही कामे मधल्या माणसाला करावी लागतात. बाजारातील दलालही मध्येच उभा असतो, पण एका टोकाची माहिती दुसऱ्या टोकाला कळू न देण्यात त्याचा फायदा असतो. बायलर यांची व्यवस्था माहिती दोन्हीकडे पोहोचवण्यावर उभी होती.

ही मदत होती की व्यापार?

मेनोनाइट समाजात मदतीसाठी विक्री करण्याची दुसरीही एक पद्धत रूढ आहे. लोक आपण शिवलेल्या गोधड्या, खाद्यपदार्थ, फर्निचर दान देतात. त्यांचा लिलाव होतो आणि जमलेला पैसा एमसीसीच्या मदतकार्याला जातो. असे मोठे मेळावे अमेरिकेत आणि कॅनडात आजही भरतात. त्यात वस्तू करणारा आणि विकत घेणारा दोघेही दाते असतात. लाभार्थी तिसराच कोणी असतो आणि तो मेळाव्यात कुठेच नसतो.

बायलर यांची विक्री वेगळी होती. तिथे वस्तू दान म्हणून आलेली नसे, ती विकत घेतलेली असे. जिला पैशांची गरज होती, तिनेच ती वस्तू बनवली होती आणि तिला मिळणारा पैसा हा तिच्या कामाचा मोबदला होता. गिऱ्हाइकानेही केवळ दयेपोटी घ्यावे असे अपेक्षित नव्हते. टेबलक्लॉथ चांगला नसेल तर एकदा कीव येऊन कोणी घेईल, दुसऱ्यांदा घेणार नाही. म्हणून दर्जाबाबत आग्रह धरणे भाग होते.

हा फरक शब्दांचा नाही. महायुद्धानंतरच्या काळात कपडे, धान्य, औषधे यांची मदत अमेरिकेतून जगभर जात होती. आपत्तीत अशी मदत लागतेच. पण वर्षानुवर्षे छावणीत राहणाऱ्या किंवा जमीन नसलेल्या कुटुंबाला धान्याची पिशवी पुरत नाही. त्याला नियमित मिळकत लागते. शिवणवर्ग, कर्जे, अवजारे या मार्गांनी उत्पादन वाढवता येते. मात्र विकत घेणारा नसेल तर वाढलेले उत्पादन घरातच पडून राहते. प्रशिक्षण देऊन थांबणाऱ्या अनेक योजना इथेच फसतात. बायलर यांनी दुसऱ्या टोकापासून, म्हणजे गिऱ्हाइकापासून सुरुवात केली.

स्वयंसेवकांमुळे नेमका काय फरक पडतो?

हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहता येईल. समजा, हाताने भरलेला एक टेबलक्लॉथ शहरातील दुकानात १०० रुपयांना विकला जातो. त्यातून दुकानाचे भाडे, विक्रेत्याचा पगार, वीज, जाहिरात आणि दुकानदाराचा नफा वजा करा. मग घाऊक व्यापारी, आयातदार, वाहतूक, कंत्राटदार आणि उपकंत्राटदार यांचे वाटे काढा. जे उरेल ते कापड, दोरा आणि मजुरी. मजुरीवर दबाव येतो तो यामुळेच, कारण बाकीचे सगळे आपापला खर्च ठामपणे सांगू शकतात, मजुरी घेणारी बाई सांगू शकत नाही.

फिरत्या विक्रीत यातील किरकोळ दुकानाचा मोठा खर्च गळून पडतो. सभागृह फुकट किंवा नाममात्र भाड्याचे असते. माल उतरवणे, लावणे, किंमतपट्ट्या अडकवणे, गल्ल्यावर बसणे, रात्री उरलेला माल मोजून पुन्हा खोक्यात भरणे, ही कामे स्वयंसेवक करतात. विक्री एक-दोन दिवस चालते. वर्षभर दुकान उघडे ठेवावे लागत नाही. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत लोक भेटवस्तू शोधत असतात, त्या वेळी अशी विक्री लावली की थोड्या दिवसांत बराच माल खपतो. कंत्राटदारांची साखळी टाळली की तोही खर्च वाचतो. वाचलेला पैसा कारागिराच्या मजुरीकडे वळवता येतो.

आणखी एक गोष्ट हिशेबाच्या वहीत दिसत नाही. आपल्या गावातील ओळखीची बाई टेबलामागे उभी असते, तेव्हा तिच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. अनोळखी देशातील अनोळखी स्त्रीने केलेली वस्तू खरोखर तिनेच केली आहे, पैसे खरोखर तिला जाणार आहेत, याची हमी देणारे कोणतेही चिन्ह किंवा प्रमाणपत्र त्या काळी नव्हते. ते काम ओळखीने केले.

मात्र याच गणितात त्याची कमकुवत बाजूही आहे. स्वयंसेवकाचे श्रम फुकट मिळाले तरी ते श्रमच आहेत. एका देशातील स्त्रीला रास्त मजुरी मिळावी म्हणून दुसऱ्या देशातील स्त्री बिनपगारी काम करत होती. त्या काळात ज्या मध्यमवर्गीय गृहिणींना घराबाहेर नोकरी नव्हती, त्यांच्या वेळेवर ही व्यवस्था उभी राहिली.

घरगुती उद्योगाची संस्था कशी झाली?

सुरुवातीची १६ वर्षे ही विक्री एमसीसीचा अधिकृत कार्यक्रम नव्हती. बायलर यांच्या पुढाकारावर आणि त्यांच्या मैत्रिणींच्या मदतीवर ती चालली. १९६२ मध्ये एमसीसीने तिला आपल्या कामात सामावून घेतले आणि परदेशी भरतकाम व हस्तकला प्रकल्प असे तिचे स्वरूप ठरले. १९६८ मध्ये त्याचे ‘सेल्फहेल्प क्राफ्ट्स’ असे नामकरण झाले. स्वतःच्या पायावर उभे राहणे हा त्या नावाचा अर्थ. महाराष्ट्रात बचत गटांना सरकारी कागदपत्रांत सेल्फ हेल्प ग्रुप म्हणतात, त्यामागची कल्पनाही याच जातकुळीची आहे.

त्याच १९६८ मध्ये नवी दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचे दुसरे अधिवेशन भरले होते. मदतीपेक्षा व्यापारात न्याय्य वाटा हवा, ही विकसनशील देशांची मागणी तिथे जोरकसपणे पुढे आली. सरकारे जी गोष्ट शुल्क आणि कच्च्या मालाच्या भावांच्या भाषेत मांडत होती, तीच एक गृहिणी २० वर्षे भरलेल्या रुमालांच्या पातळीवर करून पाहत होती. दोन्ही प्रवाहांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता, पण प्रश्न एकच होता.

बायलर १९७० मध्ये या कामातून निवृत्त झाल्या. १९७० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेत ‘सेल्फहेल्प’ची दुकाने उघडू लागली. तिथेही गल्ल्यावर बहुतेक स्वयंसेवकच असत. १९७६ मध्ये बायलर यांचे निधन झाले. ॲक्रनजवळच्या इफ्राटा गावातील दुकानाला पुढे एक उपाहारगृह जोडले गेले. तिथे निरनिराळ्या देशांचे पदार्थ मिळत आणि त्याचे नाव होते ‘नव जीवन’.

‘दहा हजार गावे’ हे नाव कुठून आले?

१९९६ मध्ये संस्थेने ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’, म्हणजे दहा हजार गावे, हे नाव स्वीकारले. त्यामागची प्रेरणा महात्मा गांधींची होती. भारत मूठभर शहरांत नसून सात लाख खेड्यांत आहे, हा विचार गांधीजींनी अनेकदा मांडला. १९३६ मध्ये ‘हरिजन’मध्येही त्यांनी तो लिहिला. त्याच वर्षी ते वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. त्याआधी १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली होती. खेड्यातील हातांना काम आणि त्या कामाला शहरातील गिऱ्हाईक मिळाले पाहिजे, हे त्या संघाचे सूत्र होते. शहरी माणसाने खादी आणि ग्रामोद्योगाच्या वस्तू घेणे हा उपकार नसून खेड्याचे देणे फेडणे आहे, अशी गांधीजींची भूमिका होती.

एडना बायलर यांनी हे नाव ऐकले नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी आले. परंतु खरेदी करणाऱ्याची जबाबदारी काय, हा प्रश्न वर्धा आणि ॲक्रन या दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या वाटांनी विचारला गेला, म्हणून ते नाव परके वाटत नाही.

‘फेअर ट्रेड’ चळवळीत बायलर यांचे स्थान काय?

बायलर एकट्या नव्हत्या. १९४९ मध्ये अमेरिकेतील ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ या शांततावादी पंथाने युरोपातील निर्वासितांच्या वस्तू विकायला सुरुवात केली. त्यातून ‘सर्व्ह’ ही संस्था निघाली. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘ऑक्सफॅम’ने हाँगकाँगमधील चिनी निर्वासितांनी केलेल्या वस्तू आपल्या दुकानांत ठेवल्या. १९६९ मध्ये नेदरलँड्समधील ब्रोकेलेन येथे पहिले ‘वर्ल्ड शॉप’ उघडले. १९७० च्या दशकात बांगलादेशातील स्त्रियांनी केलेल्या तागाच्या वस्तू या दुकानांत दिसू लागल्या. १९८९ मध्ये या संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. तोच आज ‘वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन’ म्हणून ओळखला जातो. त्याची दहा तत्त्वे आहेत. रास्त मोबदला, बालमजुरी आणि सक्तीच्या मजुरीला मनाई, कामाची सुरक्षित जागा, स्त्री-पुरुष समानता ही त्यातील काही. कारागिराने मागितल्यास हस्तकलेच्या मागणीवर किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असाही संकेत आहे. कच्च्या मालासाठी सावकाराकडे जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू.

आज दुकानात कॉफी, चहा, चॉकलेटवर दिसणारे ‘फेअरट्रेड’चे चिन्ह ही याच चळवळीची दुसरी शाखा. तिची सुरुवात १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हावेलार’ या चिन्हाने झाली. कॉफीसारख्या मालाला किमान भाव आणि प्रमाणपत्र देता येते, कारण एक पोते दुसऱ्या पोत्यासारखे असते. हाताने केलेल्या वस्तूचे तसे नसते. तिच्या बाबतीत प्रमाणित होते ती वस्तू नव्हे, तर ती विकणारी संस्था आणि तिचा व्यवहार. ही पद्धत बायलर यांच्या विक्रीच्या अधिक जवळ आहे.

हे प्रारूप आज टिकेल का?

प्रश्न सोपा नाही. ऑनलाइन बाजारात हस्तकलेच्या वस्तू आणि त्यांच्या यंत्रावर केलेल्या नकला शेजारी-शेजारी दिसतात आणि गिऱ्हाईक किंमत पाहून निर्णय घेते. शहरांतील दुकानांची भाडी वाढली. चर्चमधील शिवण मंडळे आटली, स्त्रिया नोकरीला लागल्या आणि दिवसभर गल्ल्यावर बसू शकणारे स्वयंसेवक वयस्कर झाले. कॅनडातील ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ने २०२० मध्ये स्वतः चालवलेली दुकाने आणि मुख्य कार्यालय बंद करण्याचा निर्णय घेतला. स्थानिक मंडळांनी चालवलेली काही दुकाने मात्र सुरू राहिली. अमेरिकेतील संस्था कार्यरत आहे.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की स्वयंसेवकांवर चालणारी विक्री कारागिरासाठी बाजाराचे दार उघडू शकते, पण ते दार कायम उघडे ठेवण्याचा खर्च कोणाला तरी द्यावा लागतो. तो खर्च वस्तूच्या किमतीत धरला तर गिऱ्हाईक कमी होते. धरला नाही तर स्वयंसेवक थकले की विक्री थांबते आणि फटका पुन्हा साखळीच्या शेवटच्या टोकालाच बसतो. मुंबईतील महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत बचत गटांच्या स्त्रिया स्वतः माल घेऊन येतात आणि गिऱ्हाइकाशी थेट बोलतात. तिथेही प्रदर्शनाचे दिवस संपल्यावर वर्षभराची मागणी कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट अशी, की बायलर यांनी जोडलेली माहितीची साखळी दुकानांपेक्षा अधिक काळ टिकली. ही वस्तू कोणी केली, तिला किती मिळाले, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला अधिकार आहे आणि ते सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, हा संकेत आज मोठ्या कंपन्यांनाही टाळता येत नाही. १९४६ मध्ये ला प्लाता खोऱ्यातील बाईला आपला रुमाल केवढ्याला विकला जातो हे माहीत नव्हते, आणि तो विकत घेणाऱ्या बाईलाही तो कोणी भरला हे माहीत नव्हते. बायलर यांच्या मोटारीने कापलेले अंतर हे या दोघींमधले होते.